काकूंचे थांबे

शिवणकाकू चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि सगळ्या इमारतीत भोचक म्हणून प्रसिद्ध होत्या. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाचं तरी दार वाजवून बाळाचा खोकला, सुनेची नोकरी, सगळी चौकशी करायच्या. खरं तर त्यांना दम लागायचा. पण कुणी म्हातारी म्हणण्यापेक्षा भोचक म्हटलेलं त्यांना परवडायचं.

नगरपालिकेने आपल्या या जुन्या इमारतीला शेवटी लिफ्ट बसवली. "मेली, गुडघे संपल्यावर आली," असं म्हणत काकू तिच्यात शिरल्या आणि थेट चौथ्यावर पोचल्या. वाटेत कुणाशी बोलणं नाही, काही नाही. घर नुसतं खायला उठलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम दुसऱ्या मजल्यावर उतरल्या. तिथल्या बिऱ्हाडातल्या सुनेच्या दाराबाहेर नेहमीचं स्टूल होतं. त्या सवयीने टेकल्या.

"काल आला नाहीत, काकू?" सुनेने दार उघडून विचारलं.

"अगं, आता लिफ्ट आहे. दम कुठे लागतो?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

सुनेने त्यांना हाताला धरून उठवलं आणि स्टूल उचललं. "हे तुमच्या दमासाठीच ठेवलं होतं. आता आत या, निवांत बसा."