उजवीकडून उघडणारं पुस्तक

रविवारी सकाळी सिपोराबाई वाक्रूळकर खांद्याला पिशवी अडकवून जिना उतरू लागल्या की खालच्या मजल्यावरच्या सुनंदाताई दारातूनच विचारायच्या, "निघाली का शाळा?"

"निघाली बाई. उशीर झाला तर मास्तरीण बाकावर उभी करायची."

मास्तरीण म्हणजे तिर्झा, सिपोराबाईंच्या नातीच्या वयाची. आणि बाकावर उभं राहायचं म्हटलं तर सिपोराबाईंच्या गुडघ्यांची परवानगी आधी घ्यावी लागली असती.

सिपोराबाई मूळच्या रेवदंड्याच्या. चौथीत असताना घरी धाकटा भाऊ जन्मला, त्याला खेळवायला माणूस हवं म्हणून त्यांना शाळेतून काढलं, ते काढलंच. पुढे लग्न होऊन बडोद्याला आल्या. नवरा हनोख रेल्वेत फिटर. गुजराती त्या शिकल्या भाजीवालीकडून, त्यामुळे भाव करताना त्यांची गुजराती फर्डी आणि दुखणं-खुपणं सांगताना मात्र अजून अलिबागकडची मराठी.

बेने इस्राएल मंडळींची, म्हणजे कोकणातल्या आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, बडोद्यात मोजकीच घरं. खरं सिनेगॉग, यहुद्यांचं प्रार्थनाघर, अहमदाबादला. इथे दांडिया बाजारात कापडाच्या दुकानावर एक हॉल आहे, जिना असा अंधारा की चढणाऱ्याला देव आपोआप आठवतो. त्यालाच सगळे सिनेगॉग म्हणतात, आणि आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस लागताना, मंडळी जमतात. मनुका भिजवून सरबत करायचं काम सिपोराबाईंचं आणि प्रार्थना चालवायचं काम हनोखभाऊंचं, दोन्ही कामं लग्नाइतकीच जुनी. हनोखभाऊंचा आवाज असा की ज्याला हिब्रूचं एक अक्षर कळत नाही त्यालाही उठून जावंसं वाटू नये. तसं ऐकणाऱ्यांत अक्षर कोणालाच कळत नव्हतं. आमेन कुठे म्हणायचं ते कानांना ठाऊक होतं, तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

मग अहमदाबादच्या लोकांनी ठरवलं की बडोद्याच्या मोठ्या माणसांसाठी वर्ग काढायचा. तिर्झा दर रविवारी गाडीने यायला लागली. आधी हिब्रू, मग चहा, मग आपलं जुनं काहीतरी. एका रविवारी बायकांनी पेटीवर मराठी कीर्तन म्हटलं. एका रविवारी एलियाहू नबीच्या नवसाचा मलिदा केला, पोहे, खोबरं, साखर आणि फळं ताटात रचून. मलिद्याला हजेरी भरपूर होती. हिब्रूला जरा कमी.

सिपोराबाईंनी मात्र एकही रविवार चुकवला नाही. पुस्तक उजवीकडून उघडतं याचीच त्यांना पहिले काही दिवस मौज वाटली. अक्षरं त्यांनी आपल्या पद्धतीने ओळखीची करून घेतली. लामेद म्हणजे मान वर काढलेला उंट. दालेत आणि रेश या दोघी जावा, लांबून अगदी सारख्या, पण दालेतचा खांदा टोकदार आणि रेशचा गोल. तिर्झा हसायची, पण पुढच्या रविवारी जावांची गोष्ट तिने सगळ्या वर्गाला सांगितली.

हनोखभाऊ वर्गाला कधी आले नाहीत. रविवारी ते कमाटीबागेत फिरायला जात. लोक म्हणत, त्यांना ती पोर काय शिकवणार?

अशात तिर्झाने प्रार्थनेची नवी पुस्तकं आणली. जुनी हातात घेतली की पानं गळत होती. हनोखभाऊंचं तर त्यांच्या वडिलांच्या वेळचं, कणा निखळलेलं. तिर्झाने मोठ्या मायेने पहिलं नवं पुस्तक त्यांनाच दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि वडिलांचं पुस्तक फडक्यात बांधून कपाटात ठेवलं.

त्या शुक्रवारी वर्गातली सगळी मंडळी नवी पुस्तकं उघडून, ओळीखाली बोट धरून तयार. हनोखभाऊंनी सूर लावला. बँकेतून रिटायर झालेले बिन्यामीन चेऊलकर, म्हणजे वर्गातले पहिल्या बाकावरचे हुशार, म्हणाले, "हनोखभाऊ, पान सांगत जा हो. आम्ही शोधेपर्यंत तुमची गाडी पुढच्या स्टेशनला."

"पान कशाला? कान आहेत ना?"

सगळे हसले. सिपोराबाईही हसल्या. बायकांचा बाक डावीकडच्या भिंतीशी, तिथून हनोखभाऊंचा हात आणि हातातलं पुस्तक नीट दिसतं, आणि मोतीबिंदू काढल्यापासून सिपोराबाईंना जरा जास्तच दिसतं. शब्बाथला नवरीसारखं घरात बोलावतात ते गाणं चाललं होतं. आठवडाभर त्यांनी त्याच पानाशी झटापट केलेली. त्या पानावर ओळी आखूड, मध्ये मोकळी जागा, जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा. हनोखभाऊंच्या हातातलं पान वरपासून खालपर्यंत भिंतीसारखं गच्च भरलेलं. त्यांनी पान उलटलं. पुढचं पानही भिंतच. गाणं मात्र कुठे अडखळलं नाही.

चुकून दुसरंच पान उघडलं असेल, असं आधी त्यांना वाटलं. मग एकेक आठवायला लागलं. इस्राएलातल्या अश्दोदहून मुलगी खाऊचे डबे पाठवायची, वर हिब्रूत काहीबाही छापलेलं. काय लिहिलंय विचारलं की हनोखभाऊ म्हणायचे, "खायचं आहे, खा." नाहीतर चष्मा सापडायचा नाही. मराठी पेपर वाचताना बरोबर सापडायचा.

हनोखभाऊंना वडिलांनी सगळी प्रार्थना तोंडी शिकवली होती, मागून म्हणायला लावून. अक्षरं पुढे शिकवीन म्हणाले होते, आणि अचानक गेले; ती शिकायची राहूनच गेली. पुढच्याच सणाला लोकांनी जुनं पुस्तक ह्यांच्या हातात दिलं. त्या पुस्तकाचा प्रत्येक डाग, प्रत्येक फाटका कोपरा बोटांना पाठ होता, म्हणून पान बरोबर जागी उलटायचं. नव्या पुस्तकाला डाग नव्हते.

सिपोराबाईंना राग आला नाही. थोडं लागलं. इतकी वर्षं एका चुलीवरचं खाल्लं, आणि एवढं मनात दाबून ठेवलं माणसाने. पण माणूस सांगणार तरी कधी? पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं की पुढे दरवर्षी ते जडच होत जातं.

पुढच्या रविवारी तिर्झाने जाहीर केलं की हनुक्काला, म्हणजे दिव्यांच्या सणाला, मोठा कार्यक्रम करायचा. अहमदाबादचे पाहुणे येतील, वर्गातला प्रत्येकजण एकेक ओळ वाचेल, आणि शेवटी हनोखभाऊ पुस्तक उघडून येईल ते पान वाचतील. तिने हे मानाने सांगितलं होतं. सिपोराबाईंनी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा हनोखभाऊंनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाले, आवाज गेलाय आता, कार्यक्रमही नको आणि शुक्रवारही नको, बिन्यामीनला सांगा. बिन्यामीन प्रार्थना वाचायचे ती बँकेच्या पासबुकातल्या नोंदी वाचाव्यात तशी. हॉलमधून हा आवाज उठून जाणार या विचाराने सिपोराबाईंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिर्झाला फोन लावला. ह्यांना पान उघडायला लावू नकोस, दिव्यांवरची प्रार्थना तोंडपाठ म्हणू दे, घशाला त्रास होतो, असं सांगितलं. तिर्झा बरं म्हणाली. खोदून काही विचारलं नाही, तेव्हापासून ती पोर सिपोराबाईंची जास्तच लाडकी झाली. दिव्यांची प्रार्थना तेवढी म्हणायची आहे असं कळल्यावर हनोखभाऊंनीही नाही म्हणणं सोडलं.

आणि दुपारी चहा झाल्यावर त्या पुस्तक घेऊन नवऱ्याशेजारी बसल्या. "अहो, माझं जरा ऐका. घरी कोणी ऐकणारं असलं की लवकर येतं म्हणे. चुकले तर सांगा."

ह्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. सिपोराबाई अक्षराखाली बोट ठेवायच्या आणि मुंगीच्या चालीने वाचायच्या, मुळात होत्या त्याहून मंद होऊन. अडल्या की हनोखभाऊ पुढचा शब्द सांगायचे, पाठच होता तो. त्यावर सिपोराबाई म्हणायच्या, "हां, म्हणजे हा उंट ल का?" मग हनोखभाऊंना उंटाकडे बघावं लागायचं. रोज दुपारी हेच. ह्यांनी तिचा सूर सरळ करायचा, तिने ह्यांच्यासमोर बोट फिरवायचं, आणि दोघांनीही समजायचं की शिकतेय ती.

पुढे पुढे कमाटीबागेची फेरी लवकर आटपायला लागली. एकदा सिपोराबाईंनी मुद्दाम अनोळखी पान काढलं, जे ह्यांनी कधी म्हटलेलं नव्हतं, आणि वाचता वाचता एक अक्षर चुकवलं. मुद्दाम चुकवलं की खरंच चुकल्या, ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

"अगं, ती रेश नाही," हनोखभाऊ म्हणाले. "दालेत आहे. खांदा बघ तिचा."

सिपोराबाई आणखी चहा टाकते म्हणून उठल्या आणि जरा वेळ आतच राहिल्या.

हनुक्काचा रविवार आला. खोबरेल तेलाचे दिवे मांडले, पाहुणे आले, सुनंदाताईही नवी साडी नेसून आल्या. वर्गातल्यांनी एकेक ओळ वाचली. सिपोराबाईंची ओळ मध्येच सांडली, ती त्यांनी उचलून पुन्हा वाचली. मग हनोखभाऊंनी दिव्यांवरची प्रार्थना म्हटली, दिवे लावले, आवाज कुठेही गेलेला नव्हता. झालं, सिपोराबाईंना वाटलं, पार पडलं. त्या घारग्यांच्या डब्याकडे वळल्या.

पण हनोखभाऊ बसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि नवं पुस्तक उघडलं.

"आजवर मी तुम्हाला म्हणून दाखवत होतो," ते म्हणाले. "वडिलांनी तोंडी शिकवलं तेवढंच येत होतं, वाचता येत नव्हतं. आता शिकतोय. हळू जाईन, सांभाळून घ्या. बिन्यामीन, पान अठ्ठेचाळीस."

हॉलमध्ये पानांची सळसळ झाली आणि थांबली. हनोखभाऊंनी ओळीखाली बोट ठेवलं. तो वाहता आवाज आता ठेचाळत, जागा शोधत, नव्या सुनेने परक्या घरात वावरावं तसा चालला होता. एका शब्दाशी अडले. पहिल्या बाकावरून बिन्यामीननी तो हलकेच सांगितला. हनोखभाऊंनी मान डोलावली आणि पुढे गेले. सिपोराबाईंच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं होतं. ओळ संपली तेव्हा पहिलं आमेन सुनंदाताईंनी म्हटलं. त्यांचं चुकलंही असेल, पण सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं.

घारगे खाताना बिन्यामीन जवळ आले. "बरं झालं, हनोखभाऊ. आता तुमच्या गाडीत आम्हालाही चढता येईल."

घरी जाताना रिक्षात हनोखभाऊंनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय कळायचं होतं? मी तर आपली धडा म्हणून दाखवत होते."

हनोखभाऊ नुसते हसले. मग दांडिया बाजारातल्या दुकानांच्या पाट्या बघत बसले.

पुढच्या रविवारी सुनंदाताई दारात उभ्याच होत्या. सिपोराबाई खाली आल्या, पिशवीशिवाय. सुनंदाताईंनी विचारलं, आज शाळेला सुट्टी का? सिपोराबाईंनी मागे बोट दाखवलं. हनोखभाऊ दोन्ही खांद्यांना एकेक पिशवी अडकवून कठड्याला धरत उतरत होते.

"चल लवकर," ते म्हणाले. "मला मागच्या बाकावरची जागा हवी आहे."