खुर्चीमागचा कॅमेरा

कोणतीही गोष्ट पाहण्यापूर्वी ते डावा डोळा मिटत. एसटीची पाटी वाचताना, बांगडा निवडताना, शेजाऱ्याच्या नव्या सुनेला नमस्कार करतानाही. याबद्दल कोणी हटकले, तर उत्तर ठरलेले असे. "एका डोळ्यान बघल्याशिवाय खरा काय ता कळना नाय."

मालवणच्या बाजारातून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे राहत्या दोन खोल्या. समोरच्या घरात मी. शाळेतून निवृत्त झाल्यावर माझी संध्याकाळ त्यांच्या बाकावर जाई. आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत असा एक माणूस असतो, ज्याच्याकडे आपण रोज पाहतो आणि ज्याला पाहिले आहे असे धरून चालतो.

जावयाने पुण्याहून नवा डिजिटल कॅमेरा आणून दिला, तेव्हा त्यांची प्रथम अडचण झाली ती त्याच्या पाठीवरच्या पडद्याची. फोटो काढण्यापूर्वीच समोरचे दृश्य त्यावर जिवंत दिसे. त्यांनी त्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि वरच्या व्ह्यूफाइंडरच्या चिमुकल्या भिंगाला पूर्ववत डोळा लावला.

"लांब हात करून फोटो काढूचो म्हणजे मुतऱ्या पोराक धरल्यासारखा," ते म्हणत. "हंय डोळो लावलो की मी आणि समोरचो, दोघेच. थंय पडद्यार सगळा वऱ्हाड वाकून बघता."

मी म्हणालो, "काळ बदलला आहे."

"काळ बदलांदे. डोळो तोच आसा."

त्यांच्या पत्नीचे आयुष्य दुकानाच्या उंबऱ्यावर गेले होते. फोटो कापणे, पाकिटांत भरणे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करणे हा त्यांचा दिनक्रम. एका सकाळी त्या न्हाणीत पडल्या. कमरेचे हाड मोडले, ते नीट सांधले नाही. त्यानंतर त्यांचा मुक्काम मागच्या खोलीत, पाठीवर. त्या खोलीला खिडकी नव्हती.

महिनाभर त्यांनी तक्रार केली नाही. मग एक दिवस मधल्या दाराच्या पडद्याआडून आवाज आला, "आयकलात? आता सगळ्या कौलांची वळख झाली. फुडे काय करूचा?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते नखाने कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी सोलत होते.

कॅमेरा त्यांनी दुकानात तीन पायांच्या तिकाटण्यावर, दाराकडे तोंड करून बसवला. त्यातून एक पिवळी तार काढून खोलीतल्या टीव्हीला जोडली. म्हणजे दारातून कॅमेऱ्याला जे दिसेल, ते पत्नीला अंथरुणावरून दिसे. तार जोडली की कॅमेऱ्याचा स्वतःचा पडदा काळा होई. त्यामुळे दृश्य फक्त आत दिसे, आणि सूचनाही आतूनच येत.

"जरा उजव्या अंगाक घेवा."

त्यांनी घेतला.

"अजून जरा."

"रस्तो भायर जातलो गो."

"जावंदे थोडो."

आजारी माणसाची हौस, असे मी मनाशी म्हटले.

कॅमेऱ्यापुढे, उंबऱ्याजवळ, त्यांची वेताची खुर्ची असे. कॅमेरा काही वेळाने तापून आपोआप बंद पडे. मग ते उठत, मागे वळत, बटण दाबत आणि परत बसत. दिवसभर हेच. खारेपाटणपर्यंत लग्ने टिपत हिंडलेला माणूस आता खुर्ची ते कॅमेरा एवढाच फिरे.

मासेवालीची मात्र त्यात करमणूक झाली. ती दारात टोपली उतरवी आणि आतून हुकूम सुटे.

"कल्लो उघड गो. असो नाय, कॅमेऱ्याच्या तोंडार धर."

"लालभडक आसा, वैनी. लग्नातल्या नवरीचोसुद्धा इतको फोटो काढनत नाय."

"नवरेक बघूक सासू आसता. हंय माका खावचा आसा."

भारनियमनात टीव्ही बंद पडे. तेव्हा ते खोलीच्या पडद्यापाशी उभे राहत, दाराकडे तोंड करून डावा डोळा मिटत आणि रस्ता तोंडाने सांगत.

"पोस्टमन सायकल ढकलता. चाकात हवा नाय. दोन पावणे खाजां घेवन चलले."

"खंयचे?"

"पुण्याचे दिसतत. टोपी नवी आसा."

पुढे वैभववाडीहून एक जुना ग्राहक आला. त्याच्या लग्नाचे फोटो यांनी काढले होते, आता त्याच्या मुलीचे लग्न होते. दुसरा फोटोग्राफर त्याला नको होता. कॅमेरा नेल्याशिवाय लग्नाचे फोटो निघणार नव्हते, आणि कॅमेरा नेला तर खोलीतला रस्ता बंद होणार होता.

"जावा," पत्नी आतून म्हणाल्या. "माका काय वाघ खाता?"

शेवटी जावयाचा एक लहान जुना कॅमेरा तिकाटण्यावर बसवण्यात आला. तो सांभाळण्याचे काम मी पत्करले. तार जोडण्यापूर्वी मी त्याच्या पडद्यावर नीट पाहून घेतले. या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता स्वच्छ दिसत होता. त्यांची खुर्ची मी बाजूला सारून ठेवली होती. दिवसभर मी तिकाटण्याजवळ उभा राहिलो. आतून एकही सूचना आली नाही. मासेवाली टोपली उतरवून वाट पाहून गेली.

रात्री ते परतले. पडद्यापाशी जाऊन विचारले, "दिसला मा सगळा?"

"कायच दिसना नाय."

मी हरकत घेतली. चित्र उत्तम होते, हे मी स्वतः पाहिले होते. त्यांनी तो लहान कॅमेरा पेटीत ठेवला आणि मोठा पुन्हा खुर्चीमागे बसवला.

त्यानंतर त्यांनी बाहेरगावचे काम घेतले नाही. पुढे गावातलेही नाही. बाजारात दोन नवे स्टुडिओ निघाले. आतून अधूनमधून संतापाचा आवाज येई. "माझ्यापायी हंय खुंट्याक बांधून घेतल्यात."

"खुंटो बरो आसा," ते खुर्चीतून म्हणत.

मी एकदा त्यांना स्पष्ट सांगितले, "तुम्ही दोघे एकमेकांचे कैदी झाला आहात."

त्यांनी डावा डोळा मिटून मला नीट न्याहाळले. "मास्तरांनू, तुमचो फोटो चांगलो येयत. त्वांड मिटल्यार."

दोन वर्षांनी पत्नी गेल्या. त्यांनी दुकान विकायचे ठरवले आणि पुण्याला मुलीकडे जायची तयारी केली. निघण्याच्या आदल्या दिवशी टीव्ही उचलायला मदत हवी म्हणून त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावले. इतक्या वर्षांत मी त्या पडद्याच्या आत गेलो नव्हतो.

टीव्ही चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी तो लावला. बाहेर कॅमेराही चालू केला. चित्र आले. रस्ता डाव्या कडेला, चिंधीएवढा. बाकी सारी चौकट एका रिकाम्या वेताच्या खुर्चीने भरली होती.

त्यांनी खुर्चीकडे पाहिले. दोन्ही डोळे उघडे होते. हे चित्र तेही प्रथमच पाहत होते. चित्र जेव्हा जेव्हा चालू असे, तेव्हा तेव्हा ते स्वतः खुर्चीत असत.

"मास्तरांनू," ते म्हणाले, "जरा थंय जावन बसा."

मी बाहेर जाऊन खुर्चीत बसलो, रस्त्याकडे तोंड करून. मी मागे वळलो नाही. काही वेळाने कॅमेरा नेहमीप्रमाणे तापून बंद पडला.

बटण दाबायला कोणी उठले नाही.