सुईबाईचे पिवळे दात

सुईबाई दिसली की पोरं भोकाड पसरायची. सरकारी दवाखान्यातल्या लसीच्या खोलीत तिने उभी हयात काढली. हात इतका हलका की टोचलेलं कळायचंसुद्धा नाही, पण हे पोरांना कोण पटवणार? आयाही कमी नव्हत्या. घास संपवतोस की बोलावू सुईबाईला, असा घरोघरी धाक. काम पुण्याचं आणि नाव राक्षसिणीचं, दुसरं काय!

अशात एक दिवस डॉक्टरबाईंनी तिला बोलावून सांगितलं की आता लसीच्या खोलीतच लहान पोरांच्या दातांना औषधाचा लेप लावायचा. किडके दात घेऊन पोरं मोठ्या इस्पितळात पोचतात तेव्हा उपटण्यावाचून इलाज उरत नाही. लसीला मात्र झाडून सगळी येतात, मग तिथेच कीड रोखायची. महिनाभर करून बघू, म्हणाल्या. आया तयार झाल्या तर काम चालू ठेवू, नाहीतर सामान परत.

सुईबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सुई नाही, टोचणं नाही, नुसता इवलासा ब्रश! आईच्या समोर गुडघ्याला गुडघा भिडवून बसायचं, पोराचं डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं, दात पुसायचे आणि लेप फिरवायचा. घरी तिने नवऱ्यावरच सराव केला. तो म्हणाला, इतक्या वर्षांत एकदा डोकं मांडीवर घेतलंस, तेही दात बघायला. तिने त्याला गप्प पडून राहायला सांगितलं.

पहिल्याच दिवशी एका चिमुरडीने लेप लावून घेतला, ओठ चाटले आणि सुईबाईकडे बघून चक्क हसली. सुईबाईकडे बघून! तिला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी घरी, शेजारी, बसथांब्यावर, जो भेटेल त्याला तिने ते हसू सांगितलं. हे काम आता आपल्या हातून जाऊ द्यायचं नाही, असं तिने मनाशी घट्ट धरलं.

पण माशी शिंकलीच. लेप लावला की दात दुसऱ्या सकाळपर्यंत पिवळे दिसतात. तो रात्रभर तसाच राहू द्यायचा आणि सकाळी घासायचा. घासू नका एवढं ती प्रत्येकीला सांगायची, पिवळ्याचं मात्र बोलायची नाही. आया बिचकतील अशी भीती. अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? व्हायचं तेच झालं. आयांनी घरी जाऊन पोरांचे पिवळे दात बघितले आणि खसाखसा घासून लेप काढून टाकला. सुईबाई दात नासवते, ही बातमी हां हां म्हणता गावभर झाली. आया लस टोचून घ्यायच्या आणि पोराच्या तोंडावर हात ठेवून पळायच्या. महिना संपत आला. उद्या सामान बांधून ठेवा, डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

त्याच दुपारी एक धिप्पाड आजी नातवाला काखेत मारून खोलीत घुसली. आवाज असा की बाहेरच्या बाकांवरची माणसं दाराशी जमली. परवा लेप लावलात, सून रात्री रडत दात घासत बसली, पोराचे दात नासले असते तर कोण भरून देणार होतं, असा तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दुसरी कोणी असती तर तिने डॉक्टरबाईंकडे बोट दाखवलं असतं.

"चूक माझी आहे," सुईबाई म्हणाली. "पिवळं दिसतं हे मला माहीत होतं. तुम्ही लावून घेणार नाही म्हणून बोलले नाही."

सुईबाईने आरसा घेतला, स्वतःचे दात पुसले आणि सगळ्यांदेखत दातांवर लेप फासला. उद्या सकाळी दवाखान्याच्या अंगणातल्या नळावर मी दात घासणार, पिवळं राहिलं तर सामान मी स्वतः बांधते, असं तिने आजीला सांगितलं. मग दिवसभर ती दात काढून हिंडली. मुद्दाम! औषधाच्या खिडकीपाशी, बाकांपाशी, बसमध्ये. नवरा म्हणाला, आज तुझ्याकडे बघवत नाही. तिला झोप कसली लागतेय!

सकाळी नळाभोवती ही गर्दी! डॉक्टरबाई पायरीवर उभ्या. आजी सगळ्यांत पुढे, नातू कडेवर. सुईबाईने आधी तोंड उघडून पिवळे दात दाखवले आणि मग घासायला घेतलं. घासते आहे, घासते आहे, फेस हनुवटीवर, फेस कोटावर. खुळखुळून चूळ टाकली. आजीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि एकेक दात निरखून बघितला.

"गेलं की गं," आजी गर्दीकडे वळून म्हणाली.

सुईबाईला इतकं हसू फुटलं की उरलेला फेस नाकावर उडाला. ते बघून कडेवरचा नातू, कालपर्यंत तिच्या सावलीला भिणारा, खदखदून हसायला लागला. आजीने इकडे बघितलं नाही की तिकडे. तिथल्याच पायरीवर बसली, सुईबाईला हाताला धरून समोर बसवलं आणि पोराला आडवं करून त्याचं डोकं तिच्या मांडीवर दिलं.

"तोंड उघडंय तोवर लाव, बाई," ती म्हणाली.