खोकल्यासकट

माझी मावशी घरी बसून पडदे शिवायची आणि जगावर संशय घ्यायची. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणीच तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं. आम्ही तिला पाठीमागे फौजदार म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नसे.

मावसा गेल्यानंतर तिचा सगळा संशय तिच्या एकुलत्या एका मुलीवर येऊन थांबला. मुलगी दिवसभर कुठल्याशा कंपनीत फोनवरच्या तक्रारी ऐकायची. घरी आली की आतल्या खोलीत शिरायची आणि कडी लावायची. आतून पेटीसारखा एकच सूर यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तोच सूर.

"पाणी मुरतंय कुठंतरी," मावशी मला म्हणाली. "कुणाच्या तरी नादी लागलीय. नाहीतर कसली तरी साधना चाललीय."

"अगं, संगीत करते ती. कॉम्प्युटरवर."

"संगीत? त्याला चाल नको? आपला पंखासुद्धा यापेक्षा सुरात घरघरतो."

एका संध्याकाळी पडदा पोहोचता करून ती परत आली आणि सवयीप्रमाणे दाराला कान लावला. आत मावसा श्वास घेत होता. शेवटचे काही महिने ऑक्सिजनच्या मशीनवर घ्यायचा तसाच, ओढून ओढून, मशीनच्या फुसफुस आवाजासकट. तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

मुलीनं दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटर आणि छोटा कीबोर्ड होता, आणि श्वास स्पीकरमधून येत होता.

"हे काय आहे?"

"बाबा आहेत. मी तेव्हा रेकॉर्ड केलं होतं. त्यांना विचारून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तेच म्हणाले, आईला सांगू नकोस. ती नको म्हणेल."

तिसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आली. मुलीवर तिचा राग नव्हताच. ती म्हणाली, "या माणसाला जन्मभरात माझ्यापासून एक सिगारेट लपवता आली नाही. आणि हे बरं लपवलं! आणखी काय काय ठरवलं असेल गं दोघांनी?"

मुलीचा अल्बम तयार झाला होता. सात तुकडे, सगळे संथ, शब्द एकातही नाही. शेवटच्या तुकड्यात तो श्वास होता. तिनं आईला सांगितलं, "तू नको म्हणालीस तर तो काढून टाकते."

"आधी सगळं ऐकव. गाळायचं काही नाही."

मावशी हाताची घडी घालून बसली, समोरचा वजनात मारतोय की काय अशा नजरेनं. मी शेजारी होते. पहिल्या सहा तुकड्यांत तिनं फक्त दोनदा विचारलं, "संपलं?" सातवा सुरू झाला. दोन सूर, आणि त्यांच्यामधून तो श्वास वर-खाली होत होता. मला गलबलून आलं. मावशीच्या कपाळावर आठी पडली.

"थांबव. हे कापलंयस तू."

मुलगी चपापली. "कुठं?"

"खोकला कुठाय? दर चार श्वासांनी खोकायचे ते. रात्रंदिवस उशाशी बसलेय मी, मला शिकवू नकोस."

"ऐकायला बरं वाटत नव्हतं म्हणून..."

"मग हे कुणीतरी दुसरंच आहे. ठेवायचं तर खोकल्यासकट ठेव. नाहीतर काढून टाक."

मुलीला ते आवडलं नव्हतं, तोंडावरून दिसतच होतं. पण तिनं खोकला परत घातला, आणि त्यासाठी तिला आख्खा तुकडा नव्यानं बांधावा लागला. अल्बम इंटरनेटवर आला. थोड्याच लोकांनी ऐकला. कुणी लिहिलं, शेवटी खोकला येतो तो काढायला हवा होता. कुणा बाईनं लिहिलं, तो ऐकून मी माझ्या वडिलांना फोन केला.

मुलीनं हे वाचून दाखवलं तेव्हा मावशी पडद्याला चुणी घालत होती.

"ही बाई कोण? आपल्या ओळखीची?"

"नाही."

"मग एवढं गोड कशाला लिहितेय? नीट चौकशी कर," मावशी म्हणाली. जरा वेळानं तिनं शिलाईचं मशीन थांबवलं. "आणि परत एकदा वाच."