रानाईचं नाक

विठाबाई पहिल्यांदा दुकानात शिरल्या तेव्हा धैर्यशीलला वाटलं, पन्हाळ्यामागचा एखादा डोंगरच घोंगडं पांघरून पेठ वडगावात उतरला. दारातलं ऊन गेलं. प्रिंटर भेदरून मध्येच थांबला. भिंतीवर लटकणारे भावी आमदार आधीपासूनच हात जोडून होते, ते आता गयावया केल्यासारखे दिसायला लागले.

"पावणं, फ्लेक्स तुमीच करता न्हवं?"

"व्हय की. वाढदिवस का श्रद्धांजली?"

"अजून मेलं न्हाय कुणी. डोंगूर तेवढा मरायला टेकलाय."

विठाबाईंच्या धनगरवाड्यालगतच्या देवराईत बॉक्साईटच्या खाणीसाठी चुन्याच्या खुणा पडल्या होत्या. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा वाड्यावरचं कुणी चुलीत घालत नसे, रान रानाईदेवीचं. आता वाड्यानं मोबाईलवर मोहीम काढली होती आणि तिला चित्र हवं होतं. रानाई म्हणजे जांभळीच्या बुंध्याशी उघड्यावर बसलेला काळा धोंडा.

"झाडं काढ, पाखरं काढ," विठाबाईंनी बजावलं. "देवीला तोंड काढू नगंस. तोंड आलं की डोकं आलं, आन् डोकं आलं की छप्पर मागतीया."

धैर्यशीलनं मान डोलावली. त्यानं जांभळ काढली, धनेश काढला. झकास जमलं. पण धोंडा आला आणि त्याचा हात अडखळला. त्याच्या दुकानातून आजवर बिनतोंडाचा फ्लेक्स बाहेर पडला नव्हता. शर्यत जिंकलेल्या बैलाच्यासुद्धा गालांवर त्यानं लाली चढवली होती. हा धोंडा तर 'फोटो यायचाय' म्हणून जागा धरून ठेवल्यासारखा दिसत होता.

मग त्यानं साडीच्या जाहिरातीतले डोळे आणले, तरुण मंडळाच्या नवरात्रातला मुकुट चढवला आणि नाक लावलं बायकोचं, संयोगिताचं. नाक खरोखर चांगलं होतं.

दोन दिवसांत रानाई कोडोलीपासून नेसरीपर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसवर विराजमान झाली. माणसं डोंगर चढली, पुढारी चढले, माईक चढले. खाणीचा प्रस्ताव गुंडाळला गेला. धैर्यशीलला फेटा बांधून त्याचा सत्कार झाला. विठाबाई तेवढ्या आल्या नाहीत. म्हशी सोडून कशा येतील, असं म्हणत तो देवीचा लॅमिनेट केलेला फोटो घेऊन स्वतःच वाड्यावर निघाला.

राईत रांग होती. नारळ फुटत होते, सेल्फी निघत होते. जांभळ तोडलेली होती आणि तिच्या जागी स्लॅबसाठी सळया उभ्या होत्या. धोंड्यावर पत्र्याचा मुखवटा ठोकलेला होता. डोळे साडीवाले, मुकुट मंडळाचा. आणि अख्खी रांग संयोगिताच्या नाकाला हात जोडत होती.

फोटो त्यानं घाईघाईनं शर्टाखाली सारला. तो घामानं पोटाला चिकटला.

विठाबाई रांगेपासून लांब, म्हशींजवळ बसल्या होत्या.

"आज्जी, चुकलं माझं."

"नाक बाकी झ्याक काढलंयस. कुणाचं हाय?"

"बायकोचं," तो पुटपुटला.

"आसं व्हय? मग तिला विचार, छप्पर पत्र्याचं पायजे का स्लॅबचं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हशीच्या पाठीवरची गोचीड काढायला लागल्या. धैर्यशीलचे कान तापले. खाली उतरताना कुणीतरी "आर्टिस्टसाहेब!" म्हणून हाक मारली, तर तो वाट सोडून करवंदीच्या जाळीत घुसला.

घरी येऊन त्यानं पोस्ट टाकली: देवीला तोंड नाही, चूक माझी आहे, बांधकाम थांबवा. खाली हजारभर लोकांनी 'जय रानाई' लिहिलं आणि त्याचंच चित्र चिकटवलं. संयोगिता ताट वाढायला समोर आली की तो ताटातच बघून जेवायला लागला.

"माझ्या तोंडाकडं बघवंना का तुमास्नी?" तिनं एकदा विचारलं. त्यानं ताट आणखी जवळ ओढलं.

खाण आली नाही. राईच्या खालच्या अंगाला आता पार्किंग आहे.