धुऱ्यावरची वांगी

शेतावर मला स्वस्थ बसवत नाही. कुणी "आराम करा" म्हटलं की मी उठून उभा राहतो. त्या रविवारीही ताईच्या कोंढा गावच्या शेतात गोवऱ्यांवर रोडगे भाजत होते, तर मी मुलीमागे वांग्याच्या वाडीत हिंडत होतो. वांगी कशी तुळतुळीत होती. मुलीने एकाला हात घातला, तसे भाऊजी लांबूनच म्हणाले, "तिथले नोको तोडू बेटा. ते बजाराचे आहेत. आपले धुऱ्यावर आहेत."

"काहून?" मी विचारलं.

"कालच फवारा मारला त्याईवर."

"अन् बजारात कधी नेता?"

"उद्या."

किती सहज बोलले. बांधावरची वांगी वाकडी, किडकी होती. किडका भाग काढून ताईने भरीत केलं. चव अशी की सगळे बोटं चाटत होते. माझा घास मात्र तोंडात फिरत राहिला. चिडायचं तरी कुणावर? जेवत त्यांच्याकडेच होतो.

ताईने दिलेली पिशवीभर वांगी संपली, तसा मी भंडाऱ्याच्या बाजारात गेलो. एकेक वांगं फिरवून भोक शोधू लागलो. भाजीवाली वैतागली.

"काय पाहून राहिले भाऊ? एकही किडका नाही निघणार."