गळ्याला लावलेलं आयोडीन

खामगावला मी परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा तार आली. आमच्या गावी, धाडला, पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं, आणि शांता... माझी बायको, गेलेली. महिना उलटला. शाळेतून आलो की अजूनही दारातूनच "चहा टाक" म्हणतो, आणि मग स्वतःचाच राग येतो.

तिच्या गळ्याला गाठ होती. गावातल्या कंपाउंडरनं सांगितलं, वरून टिंक्चर आयोडीन लावा. दीड-दोन महिने रोज सकाळी मीच कापसाच्या बोळ्यानं लावायचो. ती डोळे मिटून, मान वर करून बसायची. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी ठरली. निघण्याआधी आम्ही तिचा गळा साबणानं घासघासून धुतला. मोठ्या डॉक्टरपुढे डाग दिसू नये, एवढीच आमची अक्कल! तिथं तिला किरणोत्सारी आयोडीन मिसळलेलं पाणी प्यायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर यंत्र लावून गाठीनं त्यातलं किती ओढलं ते मोजलं. जवळजवळ काहीच ओढलं नव्हतं. डॉक्टर वैतागले. शरीरात आधीच बाहेरचं आयोडीन गेलेलं असलं की हे माप खोटं येतं, म्हणाले. "गळ्याला काही लावलं होतं का? कोणी लावलं?"

"म्याच लावलं जी," शांता म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. "यायले काई माहीत नाई."

बोलणी तिनं खाल्ली. लावणं बंद करून तीन महिन्यांनी पुन्हा या, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. मलकापूर स्टेशनाबाहेर एसटीची वाट पाहताना मी विचारलं, "काऊन खोटं बोलली?"

"तुमचं तोंड पाह्यलं नाई गेलं मले. मास्तर मानूस तुमी..."

तीन महिन्यांनी शाळेच्या परीक्षा होत्या. मग सुट्टीत माझ्या बहिणीचं लग्न. मग तीच म्हणू लागली, "मले काई होत नाई." मला ते ऐकायला सोयीचं होतं, खरं सांगतो. गाठीनंच ती गेली का, हे इथल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सांगणार कशावरून? माप झालंच नव्हतं.

परवा बहीण तिचे कपडे आवरायला आली. शांता बंद गळ्याची पोलकी घालायची. त्यातलं एक मी हातात घेतलं. वरचा हूक मूळ जागेवर नव्हता. उसवून थोडा कडेला, पुन्हा उसवून आणखी कडेला लावलेला. जुन्या टाक्यांची भोकं तशीच होती. दुसरं काढलं, त्यातही तेच. गळा किती वाढतोय हे ती एकटीच मोजत होती... आणि मी त्याच घरात होतो.